लायसन सस्पेंड झालं की आधी कलम वाचा

'तीन महिने भरले, उद्यापासून गाडी काढतो.' लायसन सस्पेंड झालेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. मुदत संपली म्हणून लायसन आपोआप जिवंत होत नाही. कुणाला मधे ट्रेनिंग करावं लागतं, कुणाला डॉक्टरी तपासणी, कुणाला पुन्हा ट्रॅकवर गाडी चालवून दाखवावी लागते. तुमच्या वाट्याला यातलं काय येणार, हे हातातल्या कागदावर कोणतं कलम छापलंय त्यावर ठरतं. म्हणून ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली यांपैकी कुठल्याही आरटीओत जाण्याआधी, आणि बाहेरच्या एजंटाशी एक शब्द बोलण्याआधी, तो कागद घरी बसून नीट वाचा.

सरकारी मराठीत लायसनला 'अनुज्ञप्ती' म्हणतात. 'अनुज्ञप्ती निलंबन', 'कारणे दाखवा' असले शब्द बघून पुष्कळ जण कागदाची घडी घालून कपाटात ठेवतात. तसं करू नका. नोटिशीवर उत्तराची तारीख असते आणि ती टळली की तुमची बाजू न ऐकताच आदेश निघण्याची वाट मोकळी होते.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने तो बराच कडक झाला. सगळ्यात जास्त भेटतं ते कलम १९. इथे लायसन अडवतं ते आरटीओ. पोलीस कलम २०६ खाली लायसन ताब्यात घेतात आणि आरटीओकडे पाठवतात. दारू पिऊन चालवणं, धोकादायक चालवणं, वेगमर्यादा मोडणं, टू-व्हीलरवर ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, अँब्युलन्सला वाट न देणं ही सगळी कारणं त्यात येतात. पहिल्या वेळेला तीन महिने, दुसऱ्या वेळेला लायसन रद्द. पोलीस जी पावती देतात ती फक्त पोच असते. 'पावती आहे ना, चालतंय' असं सर्रास सांगितलं जातं, पण लायसन परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि कलम १९ खाली जमा केलेलं लायसन रिफ्रेशर ट्रेनिंग यशस्वीपणे पूर्ण केल्यावरच परत मिळतं. हे ट्रेनिंग मुदत संपल्यावर शोधायला लागलात तर तेवढे दिवस फुकट जातात. आदेश हातात आला त्याच आठवड्यात आरटीओत विचारा की ट्रेनिंग कुठे आणि कोणत्या तारखेला आहे.

कलम २० कोर्टाचं. इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. दारू पिऊन चालवल्याचा गुन्हा कलम १८५ चा. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल श्वास तपासणाऱ्या मशीनमध्ये आलं की तो लागतो. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. माणूस कोर्टात जातो, कुणीतरी कानात सांगतं 'कबूल कर, दंड भर, मोकळा हो', आणि तो दहा हजार भरून घरी येतो. पण १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला कोर्टाने किमान सहा महिने लायसनसाठी अपात्र ठरवायचं असतं. म्हणजे आरटीओचे तीन महिने वेगळे आणि कोर्टाचे सहा महिने वेगळे. आदेशाची प्रत न घेताच कोर्टातून बाहेर पडलेल्याला हे पुढच्या नाकाबंदीत कळतं. कबुली द्यायची की नाही हा तुमचा आणि वकिलाचा प्रश्न. मात्र कबुलीबरोबर किमान सहा महिने येतात हे माहीत असताना द्या, आणि निकालाची प्रमाणित प्रत घेतल्याशिवाय कोर्टाचा जिना उतरू नका.

त्याच कलम १८५ खाली दुसऱ्यांदा शिक्षा झाली की कलम २२ लागतं आणि कोर्ट लायसनच रद्द करतं. मग लर्निंगपासून सुरुवात: लर्निंग निघाल्यावर ३० दिवस थांबायचं, मग टेस्ट. धोकादायक ड्रायव्हिंगची आधीची शिक्षा असताना पुन्हा त्यातून कुणाचा जीव गेला किंवा कुणाला गंभीर इजा झाली, तरीही कोर्ट याच कलमाखाली लायसन रद्द किंवा निलंबित करू शकतं. कलम २२ खाली निलंबित झालेलं लायसन हवं असेल तर मुदत संपल्यावर तीन गोष्टी लागतात: परत मागण्याचा अर्ज, नव्याने ड्रायव्हिंग टेस्ट पास आणि नवं मेडिकल सर्टिफिकेट. यातली एक जरी राहिली तरी लायसन आरटीओच्या कपाटातच राहतं.

उरलं कलम १६. इथे कुणाचा गुन्हा नसतो. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे माणूस गाडी चालवायला अयोग्य आहे असं मानायला सबळ कारण दिसलं, तर आरटीओ मेडिकल सर्टिफिकेट मागू शकतं किंवा लायसन रद्द करू शकतं. घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या बाबतीत हे होतं तेव्हा त्याला तो अपमान वाटतो. त्याच्याशी बोलताना 'तुम्हाला आता जमत नाही' म्हणू नका. 'तपासून घेऊ, काय निघतंय ते बघू' असं म्हणा.

कलम १९ च्या आदेशाविरुद्ध अपिलाला आदेश मिळाल्यापासून ३० दिवस असतात. लायसन जमा करताना आवक विभागाचा शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या, आणि तिचा फोटो काढून ठेवा. मुदत कधी सुरू झाली हा वाद पुढे निघतोच.

अपात्र असताना चालवणं हा कलम १८२ चा वेगळा गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करायला मागे लागू शकते. ती रक्कम लाखांत जाते. दूध आणायला कोपऱ्यापर्यंत स्कूटर न्यायची असेल तरी हे लक्षात ठेवा. 'फोनवर लायसन दिसतंय की' यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२० पासून अपात्र आणि रद्द लायसनांची नोंद सरकारी पोर्टलवर होते, आणि नाकाबंदीवरच्या पोलिसाच्या हातात तीच नोंद असते.

आता मेडिकल. सर्टिफिकेट फॉर्म १-अ वर असतं आणि ते नोंदणीकृत डॉक्टरच देऊ शकतो. महाराष्ट्रात आता एमबीबीएस डॉक्टर स्वतःच्या लॉगिनमधून ते सारथी या लायसनच्या सरकारी पोर्टलवर चढवतात. 'तपासायची गरज नाही, फोटो पाठवा, काम होईल' असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. ज्याचं लायसन एकदा गेलंय त्याच्या फाइलकडे अधिकारी बारकाईने बघतो, आणि न तपासता दिलेल्या सर्टिफिकेटचं खोटं दुसऱ्या अपघातानंतर उघडं पडतं, तेव्हा तुम्ही एकटे असता.

फॉर्ममध्ये डॉक्टरला विचारलेलं असतं ते थोडं आणि नेमकं: नजरेत दोष आहे का आणि तो चष्म्याने भरून निघतो का, भर दिवसा २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, हॉर्न ऐकू येतो का, रातांधळेपणा आहे का, हातापायात असं काही आहे का ज्याने गाडी चालवायला अडेल. रंगांच्या बाबतीत जून २०२० मध्ये नियम सैल झाला आणि सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसनची वाट मोकळी झाली. ठिपक्यांच्या चित्रांत आकडा दिसला नाही म्हणून लगेच हताश होऊ नका. नेत्रतज्ज्ञाकडून तीव्रता लिहून आणा.

२५ मीटरची गोष्ट घरीच तपासता येते, आणि तपासावीच. लोकलचा एक डबा साधारण २० मीटरचा. त्याच्याही थोडं पुढे. सोसायटीच्या आवारात टेपने मोजा. सकाळी नऊच्या आसपास, ऊन पाठीमागून असताना उभे राहा. स्वतःची गाडी घेऊ नका, तिचा नंबर तोंडपाठ असतो. पाहुण्याची गाडी घ्या आणि एक डोळा तळव्याने झाका, दाबू नका. दाबलेला डोळा उघडल्यावर मिनिटभर धूसर दिसतं. मोटारीच्या प्लेटवरची अक्षरं नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंच असतात. हिशेब केला तर २५ मीटरवरून ती वाचणं म्हणजे डोळ्यांच्या तक्त्यावर ६/९ आणि ६/१२ च्या मधली नजर असणं. 'एमएच' तर सगळेच वाचतात, कारण तिथे दुसरं काही असणार नाही हे ठाऊक असतं. चूक होते ती शेवटच्या चार आकड्यांत: ३ चा ८ होतो, ६ चा ५ होतो. दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतंय पण एकाने नाही, असं निघालं तर आधी चष्म्याचा नंबर तपासा. नंबर बरोबर असूनही समोरून ऊन आलं की अक्षरं पुसट होत असतील तर मोतीबिंदूची शक्यता बघायला हवी.

मधुमेह असेल तर एक चूक टाळा. साखर ३०० च्या घरात असताना काढलेला चष्म्याचा नंबर खोटा असतो. वाढलेल्या साखरेने डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. साखर आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांत तो पुन्हा सरकतो. म्हणून आधी साखर, मग चष्मा, मग सर्टिफिकेट. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी उलट बाजूही बघावी. पूर्व द्रुतगती मार्गावर दीड तास अडकलात आणि जेवण राहिलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, आणि मग नेमकी निर्णय घेण्याची शक्ती मंदावते. गाडीत ग्लुकोजची पुडी हवीच, आणि डॉक्टरला हे मोकळेपणाने सांगायला हवं.

नंबरप्लेटच्या चाचणीत न सापडणारी एक गोष्ट म्हणजे बाजूची नजर. काचबिंदूत समोरचं शेवटपर्यंत लख्ख दिसतं आणि कडा हळूहळू जातात. वारंवार डावीकडचा आरसा घासला जातोय, बाजूने आलेली बाइक 'अचानक' दिसतेय, असं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाजूच्या नजरेची फील्ड टेस्ट करून घ्या. फॉर्म ती मागत नाही, तरीही करा. तसंच झोपेचं. मोठ्याने घोरणं, मधेच श्वास अडकणं आणि सिग्नलला डुलकी लागणं हे एकत्र असेल तर स्लीप स्टडी करून घ्यायला हवी. सर्दीच्या सेट्रिझिनने आणि झोपेच्या गोळ्यांनी येणारी सुस्तीही मोजणीत धरा.

फिट येण्याबद्दल: फॉर्म १ मध्ये मिरगी किंवा अचानक शुद्ध हरपणं याबद्दल थेट प्रश्न असतो आणि उत्तर तुमच्या सहीने जातं. तिथे खोटं लिहू नका. न्यूरॉलॉजिस्टशी बोला, आणि तोवर लोकल-बसने फिरा.

दारूमुळे लायसन गेलं असेल तर खरी तयारी वेगळीच आहे. कलम १९ मध्ये 'सराईत मद्यपी' हे लायसन काढून घेण्याचं स्वतंत्र कारण आहे. सुनावणीत अधिकाऱ्याच्या मनात तोच प्रश्न असतो: हे एकदाच झालं, की हा नेहमीचा? आपल्याकडे खाजगी गाडीचं लायसन परत देताना मानसशास्त्रीय परीक्षा कायद्याने लागत नाही. जर्मनीत लागते. तिथे रक्तात हजारी १.६ किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं, म्हणजे आपल्या मर्यादेच्या पाचपटीहून अधिक, तर वैद्यकीय तपासणी, संगणकावरची प्रतिक्रियेची चाचणी आणि मानसतज्ज्ञाची मुलाखत अशा तिन्ही गोष्टी पार कराव्या लागतात. दारू सोडल्याचा पुरावा लघवीच्या किंवा केसांच्या तपासणीने द्यावा लागतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे तीन सेंटिमीटर केस म्हणजे गेल्या तीन महिन्यांची वही. अहवाल आधी त्या माणसाच्याच हातात पडतो आणि कार्यालयात द्यायचा की नाही हे तो ठरवतो. लोक नापास होतात ते बहुधा मुलाखतीत.

त्या मुलाखतीतले प्रश्न मुंबईतल्या सुनावणीच्या तयारीला फार उपयोगी आहेत. त्या दिवशी नेमकं किती प्यायलात? पेग किती मिलिलिटरचा? किती वाजता सुरुवात, किती वाजता शेवट? गाडी चालवायची हे आधीच ठरलेलं होतं का? यापूर्वी असं किती वेळा झालं आणि पकडले गेला नाहीत? आता काय बदललंय? कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर याच क्रमाने लिहा, पानभर, स्वतःच्या शब्दांत, आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा. कोर्टात खटला चालू असेल तर काय लिहायचं आणि काय नाही हे तोच सांगेल. 'दोनच बिअर घेतल्या होत्या' हे वाक्य मशीनवरच्या आकड्याशी जुळत नसेल तर ते तुम्हाला बुडवतं. 'मित्रांनी आग्रह केला' हेही बुडवतं, कारण मित्र तेच आहेत आणि पुढच्या शनिवारीही आग्रह करणार आहेत. 'पार्टी असेल त्या दिवशी गाडी घरीच ठेवतो, जाताना लोकल, येताना टॅक्सी, गेले चार महिने असंच चाललंय' हे उत्तर टिकतं, कारण ते तपासता येतं.

सकाळी पकडले जाणारे बरेच जण खरोखर चक्रावलेले असतात. त्यांचा हिशेब चुकलेला असतो. शरीर रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने अल्कोहोल काढतं. रात्री एक वाजता रक्तात १५० असेल तर ३० वर यायला आठ तास, म्हणजे सकाळचे नऊ. कॉफी, लिंबूपाणी, थंड आंघोळ याने हा वेग वाढत नाही. झोप झाली म्हणून दारू उतरली असं होत नाही.

रक्ताच्या तपासण्या सक्तीच्या नाहीत, पण दारू कमी केल्याचा दावा असेल तर फाइलला वजन देतात. जीजीटी, म्हणजे यकृताचं एक एन्झाइम, काही आठवड्यांत उतरतो, मात्र फॅटी लिव्हर आणि काही औषधांनीही तो वाढलेला राहतो. एकट्या जीजीटीवर काहीच सिद्ध होत नाही. सीडीटी, म्हणजे दारूने वाढणारं रक्तातलं एक प्रथिन, दारूबाबत जास्त नेमका, दोन ते चार आठवड्यांत खाली येतो. एमसीव्हीला, म्हणजे तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराला, महिने लागतात, कारण तांबड्या पेशीचं आयुष्यच १२० दिवसांचं असतं. म्हणून निलंबनाच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि शेवटी एकदा, एकाच लॅबमध्ये करा. एक सुटा रिपोर्ट काही सांगत नाही. दोन्हींच्या मधला उतार सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, गुण ० ते ४०. आठ किंवा जास्त आले तर प्यायची पद्धत धोक्याची मानतात. ती घरी एकट्याने, खरेपणाने भरा. गुण जास्त आले तर केईएम किंवा नायरच्या मनोविकार विभागात जाता येतं, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मुंबईत भरतात, आणि जास्त दिवसांचे उपचार लागले तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. रोज पिणाऱ्याने मात्र तारीख जवळ आली म्हणून एका दिवसात तोडू नये. हातपाय थरथरणं, भास, फिट इथपर्यंत जाऊ शकतं. डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबवा.

पुन्हा टेस्ट द्यायची असेल तर गाडी आरटीओपर्यंत दुसऱ्या लायसनवाल्याने चालवत आणायची. स्वतः चालवत टेस्टला आलेला अपात्र माणूस गेटवरच नवा गुन्हा करून बसतो. विमा आणि पीयूसी चालू असू द्या. अनुभवी माणूस नापास होतो तो सवयीने: आरसा न बघता निघणं, पट्टा विसरणं, चढावर हँडब्रेक न वापरता गाडी मागे सोडणं, रिव्हर्समध्ये फक्त कॅमेऱ्याकडे बघणं. सहा महिने न चालवलेल्याने सरावाची गरज ओळखावी. पण सराव कायदेशीर कसा करायचा हे आधी आरटीओत विचारा, रिकाम्या रस्त्यावर गुपचूप नाही.

लायसन हातात आल्यावरही एक काम राहतं. सारथीवर स्वतःच्या लायसनची स्थिती उघडून बघा. कार्ड परत मिळालं तरी पोर्टलवरची निलंबनाची नोंद अजून चालू असू शकते, आणि पोलीस कार्डापेक्षा पोर्टलला मानतात. तसं दिसलं तर आदेश, ट्रेनिंगचं प्रमाणपत्र आणि परतीची पोच जोडून त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, आवकचा शिक्का घ्या. स्थिती बदलेपर्यंत चावी घरीच राहू दे.